ओल्ड अण्णाचं तोंड

आधीच सांगून ठेवतो, मागून कुणी म्हणू नये. मी गुलाम रसूल, नांदेडला इतवाऱ्यात माझा छापखाना हाय, आन् मी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला न्हाई. माझा दोस्त अण्णाराव, रेणापूरच्या अलीकडच्या खेड्यातला, गळ्यात तुळशीची माळ. त्यानं बी लावला न्हाई. आन् आमच्या दोघांच्या जिवावर बिलोलीची दारू सातासमुद्रापार गेली. हसा. माझी बायको रजिया अजून हसते.

सुरुवात भूकंपापासून. त्र्याण्णवला अण्णाच्या गावात माणूस दगावलं न्हाई, पण भिंती तडकल्या आन् घरापुढचं पेव खचलं. पेव म्हंजे जोंधळा साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, वरून तोंड बारीक, आतून माणूस उभा राहील एवढा. त्यात वरनं पाणी शिरलं. तीन वर्षांचा जोंधळा काळा पडला, आन् वास असा की बैल बी तोंड फिरवायचा. कुणी घेईना. बिलोलीचे व्यंकटराव मालक, त्यांचा धान्यापासून दारू काढायचा कारखाना. भूकंपाच्या मुलखातला असला बाद जोंधळा ते ट्रकनं गोळा करायलेत, असं कळलं, म्हणून अण्णा आपला माल घेऊन गेला.

तिथं मालक एका गोऱ्या पाहुण्याला नमुने दाखवत होते. गोरा भूकंपाच्या मदतीला आलेला, पण त्याचा भाऊ त्यांच्या मुलखात दारूचा व्यापारी. अण्णा पोत्याला टेकून उभा. वास आला तसं ह्याच्या तोंडातून निघून गेलं, "डावीकडचं कोठीतल्या जोंधळ्याचं हाय. उजवीकडचं पेवातल्या."

मालकांनी ग्लास अदलाबदल केले, डोळ्याला रुमाल बांधला, चार खेपा विचारलं. अण्णा चारी खेपा बरोबर. वर म्हणतो, "हे पेव नदीकाठचं असावं, काळ्या मातीतलं. गाळाचा वास येतोय."

गोऱ्यानं उजवीकडचा ग्लास रिकामा केला आन् अण्णाला मिठीच मारली. त्यांच्याकडं म्हणे धुराचा वास असलेली व्हिस्की लोक मान डोलवत पितात. हा तर मातीचा वास, कुणी नाक लावून पाहिलाच नव्हता. आता ज्या वासाला बैल फिरतो त्याला गोरा डोलतो, ह्यात आपण काय बोलावं? ज्याची त्याची आवड.

असा अण्णा कारखान्यात लागला. काम एकच, वास घ्यायचा. कुठली धार चांगली, कुठली कडू, कुठली कुठल्या पिंपात मिसळायची. वास घेतला की बाहेर जाऊन तुळशीचं पान चावायचा. कारखान्याच्या दारात एक तुळस त्यानंच लावली होती.

घरी मात्र सांगितलं, औषधाचा कारखाना. चतुराबाई वैनी म्हंजे साधं काम न्हाई. सगळ्या गावाचं तोंड त्यांच्यापुढं बंद. महिन्याच्या महिन्याला अण्णा घरी जायचा, कपड्याला वास यायचा, तर हा म्हणायचा, "सुई टोचायच्या आधी डाक्टर कापूस फिरवतेत का न्हाई, त्ये बनवतो मी." आता हे खोटं न्हाई म्हणा. पण खरं बी न्हाई. वैनीनं विश्वास ठेवला. गावात सांगत फिरल्या, आमचे मालक औषधात हायेत.

माझा संबंध कसा आला? मालकांना लेबलं पाहिजे होती. नांदेडात चार रंगांचं बारीक काम तेव्हा माझ्याकडंच व्हायचं. लातूरच्या क्लासवाल्यांची निम्मी पत्रकं मीच छापायचो. भूकंपाआधी लातूर म्हणलं की लोकांना डाळ आठवायची. नंतर बघता बघता गल्लोगल्ली क्लास. हरेक गल्लीत एक सर, हरेक सराची एक पद्धत, आन् हरेक पत्रकावर चाळीस गुणवंतांची चाळीस तोंडं. एकच पोरगं तीन क्लासच्या पत्रकांवर. मी विचारलं तर सर म्हणायचे, "तुम्हाला काय करायचंय? फोटो तयारच हाय न्हवं, वापरा." वापरला.

अण्णाची पोरगी सुकन्या तेव्हा आठवीत होती, पुढं लातूरलाच शिकून डाक्टर व्हायचं म्हणत होती. अण्णा माझ्या मशीनपाशी बसला की ती चाळीस तोंडं बोटानं मोजायचा आन् म्हणायचा, "रसूल, एकदा माझ्या पोरीचं तोंड हितं आलं पाहिजे."

पोरीच्या आधी बापाचंच आलं.

झालं असं, गोऱ्याचं पत्र आलं की बाटलीवर बनवणाऱ्या माणसाचं चित्र टाका, आमच्याकडं लोकांना असला जुनाट म्हातारा लागतो. मालकांनी अण्णाकडं पाहिलं. मिशा, पटका, कपाळाला गंध, गळ्यात माळ. आणखी काय पाहिजे? अण्णा उडालाच. "मालक, माळकऱ्याचं तोंड दारूच्या बाटलीवर? माझी माळ तोडतील गावात. चतुरा मला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई."

आन् मी, मी गाढव, मी त्याला समजावलं. "अरे मिया, बाटली जाणार विलायतेला. तिथं तुला कोण वळखतंय? इथं एक बाटली विकायची परवानगी न्हाई, सगळी निर्यातीची. माझी जबान हाय, ही बाटली कधी तुझ्या गावाची शीव बघणार न्हाई."

माझी जबान! कारखाना मालकाचा, गिऱ्हाईक गोऱ्याचं, आन् जबान कोण देतंय तर इतवाऱ्यातला छापखानेवाला. पण दोस्तानं ऐकलं. लेबल झकास झालं. ठसठशीत अण्णा, खाली इंग्रजीत 'ओल्ड अण्णा', त्याच्या खाली 'जमिनीखालच्या जोंधळ्याची'. तुळशीचा एकेक मणी मोजून घ्यावा असं छापलं होतं मी.

तीन वर्षं माल जात राहिला. मालकांनी नवं पिंपघर बांधलं, बाटल्या भरायला गावातल्या चाळीस बाया लावल्या. अण्णाला गोऱ्यानं थंडीचा कोट पाठवला. बिलोलीत कसली थंडी? कोट खुंटीला लटकून राहिला.

मग अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. तोंड कडू. म्हणले, "दिल्लीवाल्यांनी गोऱ्यांच्या दारूवर लई मोठा कर लावलाय, आधीपासूनच. आता गोऱ्यांचं सरकार चिडलंय. आपल्या दारूवर त्यांनी तसलाच लावला. आपली बाटली तिकडं तिप्पट महाग झाली. कोण घेतंय?"

अण्णानं विचारलं, "म्हंजे करोडगिरी?"

निजामाच्या टायमाला सरहद्दीवर माल अडवून कर घ्यायचे, त्याला आमच्याकडं जुने लोक करोडगिरी म्हणायचे. "तीच ती," मालक म्हणले.

"आवो, पण त्यांच्या दारूचं भांडण, त्यात माझा जोंधळा कशाला?"

"तेच तर, अण्णाराव. दोन बैल झुंजले की खालचं गवत मरतंय."

"मेलं तर मेलं," अण्णा म्हणला. "मग आता नवा माल काढायचा न्हाई. एवढंच ना?"

मालकांनी खिडकीबाहेर बघितलं. "मुंबईच्या बंदरावरून भरलेला माल परत आलाय. सरकारकडून इथं विकायची परवानगी काढलीय मी. नांदेड, लातूर दोन्ही जिल्ह्यांत."

अण्णाचा चेहरा पेव उघडल्यावर आत असतो तसला झाला, काळा. माझ्याकडं बघितलं त्यानं. बोलला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.

मी म्हणलो, "मालक, लेबलं काढा, मी नवी छापून देतो. फुकट देतो!"

"एवढ्या बाटल्या भिजवून खरवडायला महिना लागंल. माल दोन दिवसांत निघायलाय."

पण अल्ला एक दार लावतो तर खिडकी ठेवतो. इथं विकायचा माल म्हणल्यावर कायद्यानं एक पट्टी लावावी लागते, 'फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी'. ती पट्टी मीच छापणार होतो. म्हणलो, अण्णा, घाबरू नको, तुझ्या तोंडाच्या मापाची छापतो. पटक्यापासून माळेपर्यंत सगळं झाकून जाईल.

मापाची छापली. एक नंबर छापली. अडचण गोंदाची आली. कारखान्यात मूळ लेबलं ज्यानं चिकटवली तो परदेशी गोंद संपलेला, बाजारात मिळेना. मी घरी आलो आन् रजियाला म्हणलो, खळ शिजव. मैद्याची खळ. लातूरच्या भिंतींवर क्लासची पत्रकं त्याच खळीनं चिकटायची, दोन उन्हाळे हलायची न्हाईत.

रजियानं कंबरेवर हात ठेवले. "दारूच्या बाटलीसाठी माझ्या चुलीवर खळ? तौबा!"

"दारूसाठी न्हाई गं. अण्णाचं तोंड झाकायला."

"मग ठीक हाय," ती म्हणली आन् दोन पातेली चढवली. शिजवताना एवढंच बोलली, "भिंत कोण धूत न्हाई, म्हणून तिथं टिकतंय. बाटली कोण धुणार न्हाई का?"

मी म्हणलो, "दारूची बाटली कोण धुतंय? पितेत आन् फेकतेत." बाईनं बिनतोड सवाल टाकला होता, पण आम्ही शहाणे पडलो ना.

चैत्रात अण्णाच्या गावात सप्ता असतो. सप्त्याची पत्रिका मी दरसाल फुकट छापतो आन् शेवटच्या दोन दिवसांना हजर राहतो. लोक म्हणतेत, रसूलभाई प्रसादाला येतेत. येतो. काय चुकलं?

सप्त्यात दोन रिवाज कडक. एक, वीणा. रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात पाहिजे, जमिनीला टेकवायची न्हाई. ह्याच्या गळ्यातून काढली की त्याच्या गळ्यात. आन् घेणारा निर्व्यसनी पाहिजे. दुसरा, समई. ती बी विझवायची न्हाई. तेल हरेक घरातून येणार. बाया सातव्या दिवशी सकाळी तेल आणून देवापुढं ठेवतात.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा अण्णा वीणा घेऊन उभा होता. पाच महिने झाले होते, गावात कुणी एक शब्द काढला नव्हता. त्यानं लांबून डोळ्यानंच मला सांगितलं, समदं ठीक हाय. मला बी हलकं वाटलं. बाया एकेक करून येत होत्या, तेल ठेवून पाया पडून बसत होत्या, त्यांच्या गर्दीत देवापुढचं आम्हाला काही दिसत नव्हतं. वैनी त्यांच्यात पुढं बसल्या होत्या.

मग भीमाशंकर महाराज आले. परगावचे कीर्तनकार, वय झालेलं, नजर अधू. समईत तेल घालायला वाकले आन् तिथंच थांबले. हात जोडले. डोकं टेकवलं. आन् म्हणले, "हे कोणते महाराज, मंडळी? मोठा तेजस्वी चेहरा हाय. ह्यांचा मठ कुठं?"

मी मान उंच करून बघितलं.

देवापुढं एका रांगेत करडईच्या तेलानं भरलेल्या सतरा बाटल्या. घासून, धुऊन, लख्ख केलेल्या. पट्टी एकीवर बी न्हाई. समईच्या उजेडात सतरा अण्णाराव, गंध लावून, माळ घालून, आपल्याच खऱ्या अण्णारावाकडं बघायलेले. घरात चांगली काचेची बाटली आली की आमच्याकडची बाई ती फेकते का? तेलाला ठेवते. आन् तेलाला ठेवायची तर आधी राखेनं घासते. एवढं रजियाला कळलं होतं. त्या परदेशी गोंदाचं लेबल हललं न्हाई, माझी खळ तेवढी पहिल्या पाण्याला गेली.

आन् गाव पाच महिने गप्प का, ते बी तेव्हाच समजलं. अण्णाचं तोंड बघितलं म्हणायचं तर आधी बाटली कुठं बघितली ते सांगावं लागतं. तोंड दाबून बसले होते सगळे. बायांना वाटलं, नवऱ्याच्या बाटलीवर आपल्याच अण्णाभावजींचा फोटो हाय, म्हंजे औषधच असंल. वैनीच तर सांगत होत्या, औषधात हायेत म्हणून.

महाराज पुन्हा म्हणले, "अहो, हे तर वीणेकऱ्यासारखेच दिसतेत. कशाच्या बाटल्या हायेत ह्या? कुणाच्या?"

एक गडी बोलेल तर शपथ. कुणी आढ्याकडं बघतंय, कुणी टाळाची दोरी सोडून परत बांधतंय. सरपंच गुरुबसप्पा एवढे खोकले, एवढे खोकले की बाहेरच निघून गेले. सतरा बाटल्यांमागं सतरा घरं होती आन् त्यातली नऊ माळकऱ्यांची.

मला वाटलं, आपण पुढं व्हावं, म्हणावं मी छापलं. पाय उचलला बी. तेवढ्यात अण्णा बोलला.

"माझ्या हायेत, महाराज. तोंड माझं, बाटल्या माझ्या. दारूच्या हायेत. पाच वर्षं मी दारूच्या कारखान्यात वास घ्यायचं काम करतो. पिलो न्हाई कधी. पण केली ती मीच. घरी औषध म्हणून सांगितलं." "गावातल्या कुणाचा ह्यात दोष न्हाई."

बघा आता. सतरा घरांची अब्रू ह्या माणसानं एकट्यानं अंगावर घेतली, आन् ती सतरा घरं खाली मान घालून हुश्श करायलीत! माझं रक्त उकळलं.

महाराज मागं सरकले. "मग वीणा उतरवा तुम्ही. दुसऱ्या कुणीतरी घ्या."

अण्णानं वीणा गळ्यातून काढून दोन हातांवर धरली. खाली ठेवता येत न्हाई. म्हणला, "ज्याच्या घरात ह्यातली बाटली आली न्हाई, त्यानं पुढं व्हावं."

कोण होणार? ज्यांच्या बाटल्या रांगेत नव्हत्या, त्यांच्या बी घरी एखादी असणारच. सगळ्यांच्या बायका समोर बसलेल्या. हरेक बाई आपल्या बाटलीकडं बघते, मग आपल्या नवऱ्याकडं. नऊ माळा शर्टाच्या आत गेल्या. वीणा जड असते, अण्णानं ती छातीशी ओढून धरली.

वैनी उठल्या. मी डोळेच मिटून घेतले. पण त्यांनी पदर खोचला, सरळ गेल्या आन् म्हणल्या, "द्या हिकडं."

"चतुरा..."

"द्या म्हणते न्हवं. सप्ता मोडायचाय का? माझ्या घरात बाटली आली न्हाई. माझ्या घरात नुसतं खोटं आलं." वीणा गळ्यात घातली आन् तार छेडली. अण्णानं माळेला हात घातला, काढायला. त्या तारेवरचं बोट न थांबवता म्हणल्या, "ऱ्हाऊ द्या ती. नाकानं माळ तुटत न्हाई. दारूचं म्या चालवून घेतलं असतं. पण समद्या गावाला ठावं, आन् येड्यासारखी म्या एकटी औषध औषध करत फिरले. तेवढं माझ्याशी बोलू नका आता."

त्या दिवसापासून सप्त्याची वीणा बायांनीच धरली. गडी लोकांनी पोळ्या लाटल्या. नकाशे झाले होते, पण खाल्ल्या.

पुढं मालकांनी जोंधळा बंद करून उसाची मळी सुरू केली. मळीच्या दारूला नाक लागत न्हाई, पिणाऱ्याला बी आन् बनवणाऱ्याला बी. पिंपघर रिकामं, चाळीस बायांतल्या सहा राहिल्या. अण्णा कायमचा घरी आला. वैनी जेवायला वाढायच्या, चहा द्यायच्या, बोलायच्या न्हाईत. त्या सतरांतली एक बाटली त्यांनी मागून घेतली होती. तेल भरून चुलीजवळच्या फळीवर ठेवली, पण तोंड भिंतीकडं करून. अण्णा मला फोनवर म्हणला, "रसूल, रोज जेवताना माझीच पाठ मला दिसते." त्याला कारण माझीच खळ.

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. लातूरच्या क्लासचं पत्रक माझ्याकडं छापायला आलं, आन् पहिला कागद मशीनवरून ओला ओला काढला, तसाच एसटीत बसलो. रजियानं बजावलं, "खळ लावू नका म्हणजे झालं."

वैनी चुलीपुढं होत्या. अण्णा ओसरीत, दाराकडं पाठ करून. मी पत्रक वैनीच्या पुढं धरलं. चाळीस तोंडं. वैनीला वाचता येत न्हाई, पण दुसऱ्या ओळीत बोट बरोबर जाऊन थांबलं. सुकन्या. दोन वेण्या, बापासारखं रुंद कपाळ, बापाचंच नाक.

त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग मला म्हणल्या, "ह्ये बी तुमीच छापलं का, भाऊजी?"

"हाव, वैनी. ही मात्र झाकायची न्हाई."

त्या उठल्या. पत्रक फळीच्या समोरच्या भिंतीला खिळ्यात अडकवलं. मग तेलाची बाटली उचलली, पदरानं पुसली आन् गर्रकन फिरवून ठेवली, अण्णाचं तोंड पोरीकडं करून.

"किती दिस भिंतीकडं बघत बसणार," ओसरीकडं न बघता, पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या म्हणल्या. "जेवायला या म्हणावं त्यांना."